जास्तीची ओळ

...संगणकाच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या, एकीखाली एक बसवलेल्या त्या इवल्या कमानी नव्हत्या. त्यांच्या जागी काट मारलेला पृथ्वीचा गोल होता—जगाशी संबंध तुटल्याची बातमी एवढ्याशा चित्रात देता येते याचं त्याला, हयात मुद्रितं तपासण्यात घालवलेल्या माणसाला, क्षणभर कौतुकच वाटलं. मग आठवलं की काट आपणच मारली आहे. काल संगणकातल्या उपकरणांच्या यादीत सारख्याच दिसणाऱ्या दोन ओळी दिसल्या. एकच गोष्ट दोनदा दिसली की त्याचे हात शिवशिवतात. एक उडवली. ‘ड्रायव्हरही काढू का?’ असं यंत्राने अदबीने विचारलं, तर त्यालाही हो म्हणून मोकळा झाला. ती ओळ वायफायची होती.

आता ड्रायव्हर—वायफाय चालवणारा तो प्रोग्रॅम—परत टाकायचा तर तो इंटरनेटवरून उतरवायला हवा, आणि इंटरनेट हवं तर ड्रायव्हर हवा... किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. त्यात आज रविवार. लग्न होऊन परदेशी गेल्यापासून मुलीने रविवारचा व्हिडिओ कॉल एकदाही चुकवला नव्हता.

“तुझा फोन दे,” तो बायकोला म्हणाला. “केबलने जोडला की त्याचं नेट याला मिळतं.”

“घ्या. फक्त त्यातलं काही जास्तीचं वाटलं तर आधी मला विचारा.”

केबल जोडली, मॉडेलचा नंबर टाकला, ड्रायव्हर उतरू लागला. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी निघाली.

“तिचा फोन यायच्या आत होईल ना गं हे?”

“होईल की. आज उशिराच करेल ती. नव्या घराचे पडदे लावायचेत.”

“जावयांनी घर घेतलं? आणि मला पत्ता नाही?”

बायकोने घडी घातलेली चादर उगाच पुन्हा उलगडली. “जावई नाहीत तिथे. ती एकटीच राहते. तीन महिने झाले.”

पट्टी पुढे सरकतच होती; तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तीन महिने... म्हणजे दर रविवारी आपण विचारत होतो, जावई कुठायत, आणि ती म्हणत होती, आंघोळीला गेलेत—आणि आपण, आपण हसून म्हणालो होतो, फार स्वच्छ माणूस हो! तिच्या पाठीमागे पुस्तकांचं कपाट असायचं. ते जाऊन कोरी भिंत कधी आली? हरवलेला अनुस्वार हातभरावरून टिपणाऱ्या या डोळ्यांना अख्खं कपाट गेलेलं दिसलं नाही.

“मला का नाही सांगितलं?”

“तिनेच नको म्हटलं. म्हणाली, बाबांना काही सांगितलं की ते दुरुस्त करायला बसतात.”

रागावायला हवं होतं. राग शोधला, सापडला नाही. हात मात्र सराईतपणे पुढचं पुढचं दाबत होते. ड्रायव्हर बसला. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची नावं भराभर पडद्यावर आली, त्यात आपलंही.

लगोलग संगणकावर मुलीचा फोन वाजू लागला.

बायको कॅमेऱ्यात न येणाऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली—दर रविवारच्या सवयीने, हेही त्याला आजच दिसलं. जावयांचं विचारायचं नाही, एवढं त्याने ठरवलं. पण नाही विचारलं, तर तिला कळेल की मला कळलंय. आणि विचारलं, तर ती पुन्हा त्यांना आंघोळीला धाडेल, आणि मला हसावं लागेल... फोन वाजत होता. गेल्या रविवारी आपण कुठला चेहरा घेऊन बसलो होतो, ते काही केल्या आठवेना.