सूट समुद्रानेच भिजावा

बाटलीच्या झाकणाखालची प्लास्टिकची कडी तुटलेलीच नव्हती — तो ती अंगठ्याच्या नखाने पुन्हा पुन्हा चाचपत होता, आता तरी तुटलेली निघेल म्हणून. सकाळी बोटीवर त्यानेच प्रत्येकाला एकेक बाटली दिली होती. दाजींनाही, म्हणजे ताईच्या नवऱ्याला; ही त्यांचीच. आणि देता देता म्हणाला होता…

पंधरा वर्षं तो लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवत होता आणि पंधरा वर्षं त्याचा एकच विनोद होता : अंगातला रबरी सूट समुद्राच्या पाण्याने भिजवा, स्वतःच्या नको. नवखे हसायचे आणि तरी घटाघट पाणी प्यायचे, कारण आधी वर्गात त्यानेच बजावलेलं असायचं — अंगात पाणी कमी पडलं की खोलात रक्तात विरघळलेला वायू नीट निघून जात नाही, वर येताना त्याचे बुडबुडे होतात. दाजी त्या वर्गाला बसलेच नव्हते. घरचा माणूस, त्याला कसला वर्ग! शिवाय आज दाजींनी घातलेला सूट त्याचा स्वतःचा, त्यात लघवी व्हायला नको, म्हणून विनोदाला शेपूट जोडलं गेलं : "दाजी, पाणी सूट उतरवल्यावरच प्या हं." जावयाची थट्टा करायची नाही तर कुणाची करायची? दाजींनी मान डोलावली होती. तीन तास ऊन, दोन बुड्या आणि पाण्याचा घोट नाही. दुसऱ्या बुडीनंतर शिडी चढताना त्यांचा डावा पाय त्यांचं ऐकेना.

आता ते जाड पोलादी दाराआड, बुडबुडे पुन्हा विरघळवणाऱ्या दाबाच्या खोलीत होते, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. गोल काचेतून त्यांचे तळवे तेवढे दिसत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कारण एकच नसतं, सगळं नियमाने करूनही कधीकधी होतं. मग विचारलं, पाणी प्यायले होते का? तो तोंड उघडणार तोच ताई म्हणाली, "त्यांचं असंच आहे. घरीसुद्धा मी मागे लागते तेव्हा पितात." डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. आणि त्याचा जीव भांड्यात पडला… लाज वाटण्याआधी, त्या पायाची आठवण होण्याआधी, जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून चोराच्या मनात चांदणं. ताईने चहाचा कप पुढे केला तरी वाटे, हिला कळलंय. सांगून टाकावं. पण सांगून पाय बरा होणार आहे का? आणि न सांगून होणार आहे? आपल्याच वकिलीचा त्याला वीट आला. जिभेला हाड नसतं म्हणतात; सकाळी नको तिथे वळवळलेली जीभ आता टाळूला चिकटून बसली होती.

भिंतीवरचा स्पीकर खरखरला. आतल्या नर्सने दाजींचा मास्क थोडा वेळ काढला असावा; काचेतून तिचा पेला धरलेला हात दिसला.

"अरे," दाजींचा आवाज आला, दाबामुळे नाकातून आल्यासारखा, "या बाई पाणी देतायत. आता प्यायलं तर चालेल ना?"

ताई डोळे पुसत हसली. "बघ, अजून तुलाच विचारतायत."

तिला काहीच कळलं नव्हतं. दाजी कधी बोलणारही नव्हते. त्यांना तो विनोद वाटलाच नव्हता, नियम वाटला होता, आणि ते तो अजून पाळत होते. इतका वेळ आपण त्या पायासाठी इथे बसलोय असं तो समजत होता… बसला होता तो पकडलं जाण्याची वाट बघत. आता कुणी पकडणार नव्हतं. आता त्याने स्वतः सांगितलं तरच.

त्याने स्पीकरच्या बटणावर बोट ठेवलं. प्या, दाजी, एवढंच तर म्हणायचं होतं. पण सकाळचं बोलणं आधी कबूल केल्याशिवाय ते दोन शब्द त्याला म्हणताच येईनात, आणि ताई शेजारीच उभी होती.