जिजाबाईची पापडाची ऑर्डर

त्या दुपारी दुर्गेशच्या अंगणात इतकी गर्दी झाली की पेरूच्या झाडावर तिघं चढून बसले आणि झाड कण्हलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. प्रत्येकाच्या हातात मोबाईल. मधोमध चंपतराव महाराज, पुढ्यात कुंकू लावलेली लिंबं. समोर मान खाली घातलेली सोनिका, दुर्गेशची बायको. दाराशी तिची भरलेली बॅग.

दुर्गेशची आई जिजाबाई उन्हाळ्यात वारली. आमच्या वस्तीतल्या बायकांचा पापड-लोणच्यांचा गट तिनंच उभा केला होता. ती गेल्यावर गटाची वेबसाइट निघाली आणि थोड्याच दिवसांत, जिथं सारी वस्ती आहे त्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्या वेबसाइटच्या पानाचे फोटो येऊ लागले. वर लिहिलेलं, 'या, जिजाबाई'. खाली ऑर्डर: खमंग मूग पापड. पत्ता याच घराचा. जिजाबाईचा मोबाईल तर कपाटात बंद पडलेला.

मी शेजारचा नत्थूजी. आजवर गोष्टींमधून मी भुतांना इतकं राबवलं की त्यांनी माझ्याकडं मजुरी मागावी. पण तो फोटो पाहिला आणि मोबाईल उशाशी ठेवायची छाती होईना. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. वरण-भात मात्र खाववेना.

सोनिकाचे हाल तर विचारू नका. आजारपणात डॉक्टरांनी म्हातारीचं मीठ बंद केलं होतं. ती पापड मागायची, सोनिका द्यायची नाही. हे साऱ्या वस्तीला ठाऊक. चंपतरावांनी तेच धरलं.

"बुढी तरसत गेली," ते म्हणाले. "तिचा आत्मा नेटवर्कमध्ये अटकून राहिला. जिनं तोंडचा घास काढला, ती या घरात आहे तोपर्यंत सुटका नाही. आज संध्याकाळच्या आत तिले कुहीले, माहेरी सोडा. वापस आणू नका."

मग त्यांनी डोळे मिटले. "ओम ह्रीम् सर्वर जागृतम्, वायफाय बंधम्, फट्." लिंबू कापलं आणि अंगणातले सगळे मोबाईल एकदम वाजले. 'या, जिजाबाई'. दुर्गेशनं बॅग उचलली.

सोनिका मात्र फोटोकडं बघत राहिली. असले फोटो ती कितीतरी दिवस रडत रडत बघत होती. तिनं मान वर केली.

"करिष्मा, तुझा मोबाईल दे वं."

करिष्मा चंपतरावांची भाची. वेबसाइटवरचा मजकूर तीच लिहायची. तिनं मोबाईल पदराखाली घेतला. "काहून?"

"मागच्या फोटोत पापड कुरकुरीत होता. त्याच्या आधी खमंग. आता वापस खमंग. आई येते तेव्हा दरवेळी हा शब्द कोण बदलवून राहिलं?"

करिष्मा हलेना. तेव्हा दुर्गेशनं बॅग खाली ठेवली आणि मोबाईल तिच्या हातून काढून बायकोला दिला. सोनिकानं 'खमंग' पुसून 'मऊ' लिहिलं आणि बटण दाबलं. मंत्र नाही, लिंबू नाही. मोबाईल वाजले. 'या, जिजाबाई. मऊ मूग पापड.'

भीती जाईल कशाला? आता हीच भूत बोलावते म्हणून लोक दोन पावलं मागं सरकले. पहिला मीच.

सोनिकानं शहरात, सदर भागातल्या ऑफिसात प्रीतीला फोन लावला. वेबसाइट तिनं बनवलेली. सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला आणि हे फोटो कोण पाठवतं ते विचारलं.

"त्याच्यात काय आहे ताई," प्रीती म्हणाली, "पानावर काही बदललं की ते नीट दिसते का हे पाहाले आम्ही एआय लावला. तो गिऱ्हाइकासारखा आत जाते, पहिली वस्तू उचलते अन् पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकते. आत जायले नाव लागते, म्हणून गटाच्या यादीतलं पहिलं टाकलं. करिष्माताईले सांगून ठेवलं होतं मी. काहून, जिजाबाईंची काही तक्रार आहे काय?"

म्हातारी गेल्याचं त्या पोरीला कुणी कळवलंच नव्हतं. सोनिकानं सांगितलं. मग प्रीतीनं माफी मागितली, नाव लगेच बदलते म्हणाली. कोणाचं टाकू?

सोनिकानं महाराजांकडं पाहिलं. "चंपतराव टाक."

थोड्या वेळानं तिनं 'मऊ' पुसून पुन्हा 'खमंग' केलं. मोबाईल वाजले. 'या, चंपतराव. खमंग मूग पापड.'

महाराजांनी स्वतःची नाडी चाचपली, हे मी शपथेवर सांगतो. मी एवढंच विचारलं, "महाराज, तुमचा आत्मा कोण्या पापडात अटकला गा?" पेरूवरून एकजण हसता हसता खाली पडला. महाराज लिंबं तिथंच टाकून गेले.

दुर्गेश बॅग आत न्यायला वाकला. सोनिकानं त्याला थांबवलं.

"आईले पापड देऊ नको म्हणून तुम्हीच सांगितलं होतं मले. मघापासून काहून नाही बोलले?"

अंगणातलं हसू थांबलं. दुर्गेशनं बॅगेवरचा हात काढून घेतला. आम्ही तरी मघापासून कुठं काही बोललो होतो?

भ्यायला हरकत नाही बाबांनो, मीही भ्यालो. पण यंत्रात जे दिसतं ते कुणीतरी लावलेलं असतं. कुणी लावलं, कशानं चालतं, मंत्राशिवाय होतं का, एवढं विचारून बघा. एखादीची बॅग भरण्याआधी विचारा.