दोघांतलं खालचं कार्ड

मी एक ग्राफिक्स कार्ड बोलतोय. पण त्याआधी तुम्ही सांगा, तुम्ही कशाला ऐकताय? भंगारवाले नाही ना? मागे एकजण असाच गोड बोलत आला होता आणि शेजारच्या जुन्या रेडिओच्या पोटातलं तांबं काढून घेऊन गेला. तेव्हापासून गोड बोलणाऱ्याकडे मी जरा तिरकंच बघतो.

खरं सांगायचं तर त्याच्या आधीपासूनच. संशय माझ्या जन्माचा नाही, पण खरेदीचा आहे.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर गाडी पळते, धूळ उडते, झाडं मागे जातात. ती सगळी चित्रं भराभर काढणं हे माझं काम. दोन हजार सहा साली पुण्यातल्या एका दुकानात मी काचेमागे बसलो होतो. शेजारी माझ्यासारखंच दुसरं कार्ड. त्याच कंपनीचं, त्याच दिवशी तयार झालेलं. आमच्या वरच्या फळीवर एक थोरलं कार्ड होतं, दोन पंख्यांचं, अंगाने आमच्या दुप्पट. ते आमच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

त्या दिवशी दुकानात चौघे आले. फरहान आणि इंद्रजित ही भोरच्या कॉलेजातली जिवलग पोरं. त्यांना एसटी स्टँडजवळ भागीदारीत गेमचं दुकान टाकायचं होतं. बरोबर दोघांचे वडील. फरहानचे अब्बा उस्मानभाई टेम्पो चालवायचे आणि इंद्रजितचे वडील गेनूतात्या मार्गासनीत शेती करायचे.

दुकानदाराने थोरलं कार्ड काउंटरवर ठेवलं. मग आम्हा दोघांना त्याच्या शेजारी मांडलं. "हे एक घ्या, निर्धास्त राहा. नाहीतर ही दोन लहान घ्या. एकाच मशिनमध्ये बसतात. मध्ये ही पट्टी लावली की दोघं मिळून जवळजवळ तेवढंच काम करतात."

पोरांची नजर थोरल्यावरून हलेना. फरहान म्हणाला, "अब्बा, एकच घेऊ. दोनाची कटकट नको."

उस्मानभाईंनी मान हलवली. "एक वस्तू आणि दोन मालक? उद्या तुमचं फाटलं तर काय मधनं कापायचं?"

गेनूतात्यांना हे एकदम पटलं. "बराबर हाय उस्मानभाई. आमच्याकडं सावड असती. ज्याच्याकडं एकच बैल, त्यो दुसऱ्या एका बैलवाल्याबर जोडी जमवतो. पेरणी झाली का ज्याचा बैल त्याच्या गोठ्यात. भांडान न्हाई का तंटा न्हाई. दोन घ्या."

बघा! म्हणजे आमची खरेदी ताकदीसाठी नव्हतीच, वाटणी सोपी जावी म्हणून होती. लग्नाच्या बोहल्यावरच काडीमोडाची बोलणी. मग मी संशयी निघालो तर त्यात माझं काय चुकलं?

भोरला आल्यावर फरहानच्या बहिणीच्या नेलपॉलिशने आमच्या पाठीवर अक्षरं काढली. त्याच्यावर फ, माझ्यावर इ. फ वरच्या खाचेत बसला, मी खालच्या. पडद्याची वायर त्यालाच जोडली, मला नाही. हे मी लगेच टिपून ठेवलं.

पण पट्टी लागली आणि सुरुवातीचे दिवस मजेत गेले, हे कबूल करतो. एक चित्र त्याने काढायचं, पुढचं मी. पट्टीतून तो सांगायचा, "माझं झालं, तुझं घे." मी म्हणायचो, "झालं, पुढचं तुझं." वेल्ह्याची पोरं मुद्दाम एसटी बदलून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला यायची. एकदा खुर्चीत बसली की त्यांना परतीच्या गाडीची आठवण राहत नसे. फरहान आणि इंद्रजित एका वडापावाचे दोन तुकडे करून खायचे आणि दुकानाला पुढे कोणता रंग द्यायचा यावर वाद घालायचे. असे वाद मला आवडत.

दिवाळीच्या सुमारास गेनूतात्या पोरासाठी तांदळाचं गाठोडं घेऊन आले. मशिन बंद करून, झाकण काढून दोघे ब्रशने धूळ झाडत होते. उस्मानभाईही आलेले. एकदा मशिनमध्ये बसवलं की ते चालू असेल तेवढीच मला जाग; बंद झालं की काही ऐकू येत नाही, दिसत नाही. त्यामुळे पुढे काय घडलं ते मला ठाऊक नव्हतं. जाग आली तेव्हा एवढंच कळलं की झाकणाच्या फटीवर डिंकाने एक कागद चिकटवलाय आणि त्यावर दोन्ही पोरांच्या सह्या आहेत. एकट्याने कुणी मशिन उघडू नये म्हणून. कुणाची ही अक्कल, देव जाणे.

आणि त्याच दिवसापासून फ माझ्याशी बोलेना.

मी हाका मारल्या. उत्तर नाही. "तुझं झालं का?" काही नाही. अबोला! माझा पंखा गरगर फिरत होता, म्हणजे मी राबतच होतो. मग हा काय करतोय? पडद्याची वायर याच्याकडे, नाव याचं, आणि काम माझ्या गळ्यात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी माझी खात्रीच झाली.

तेवढ्यात बाजारात शर्यतीचा नवा गेम आला. तो आमच्या मशिनवर घातला आणि आमची अब्रू गेली. ऐन वळणावर चित्र अडकायचं. गाडी जागच्या जागी थबकायची आणि सुटायची ती थेट दरीत. पोरं कंट्रोलर आपटायची. पडद्याच्या कोपऱ्यात रोज सकाळी एक इंग्रजी सूचना यायची. फरहान ती न वाचता फुली दाबून घालवायचा, इंद्रजितही तेच करायचा. इंग्रजीत काही आलं की आधी फुली दाबायची, ही माणसांची सवय मी तेव्हाच हेरली.

चौकात दुसरं गेमचं दुकान उघडलं. तिथे एकच थोरलं कार्ड होतं म्हणे. वेल्ह्याची पोरं एसटीतून उतरून परस्पर तिकडे वळायला लागली.

मग दोघांची तोंडं सुटली. फरहान म्हणायचा, "तुझं कार्ड खराब निघालं." इंद्रजित म्हणायचा, "पडदा तुझ्या कार्डावर चालतो, अडकतंय ते तुझंच." वडापाव दोन यायला लागले, आणि दोघे दोन दिशांना तोंड करून खाऊ लागले. मी आत बसून मनात म्हणायचो, इंद्रजितचंच खरं आहे. तो वरचा काडीचं काम करत नाही.

शेवटी जानेवारीत एका दुपारी दोघांचे वडील आले. वाटणी ठरली होती. दुकान बंद, ज्याचं कार्ड त्याच्या घरी. मशिन सकाळपासून चालू होतं. ते बंद करायचंही भान कुणाला राहिलं नाही. फरहानने कागद टरकावला, झाकण काढलं आणि मला हात घालणार, तोच गेनूतात्या म्हणाले, "थांब बाबा."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"सावड मोडायची असली तरी कुनाचा बैल कमी पडला ते कळाया नगं? औत सुटल्यावर आमी बैलाच्या खांद्यावर हात ठिवतो. वढणाऱ्याचा खांदा लपत न्हाई."

त्यांनी तळहात फ वर टेकवला आणि झटकन मागे घेतला. "आगं आयाया! भाजतंय की."

मी मनात हसलो. आता माझी पाळी. आता कळेल सगळ्यांना, खरा राबणारा कोण. तात्यांचा खरबरीत हात माझ्या पाठीवर आला. तो आला आणि तिथेच राहिला. किती वेळ राहिला! हात लगेच का काढत नाहीत ते मला कळेना.

"ह्यो गार हाय," तात्या म्हणाले. मग इंद्रजितकडे न बघता हळूच म्हणाले, "आपलाच."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. नुसता पंखा फिरत होता. त्यालाच मी राबणं समजत होतो.

फरहान खाली वाकला. आमच्या दोघांच्या मधल्या जागेकडे बघतच राहिला. "पट्टी कुठंय?" तो ताडकन इंद्रजितवर उलटला. "तू काढलीस!"

"म्या? तूच काढली असशील, मला बदनाम करायला!"

दोघे एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात होते. तेव्हा गेनूतात्यांचा हात बंडीच्या खिशात गेला. त्यांनी चंची काढली, तिची दोरी सोडली आणि तंबाखूच्या कप्प्यातून बोटभर लांबीची ती पट्टी बाहेर काढली. तिला चुना लागला होता. रोज सकाळची ती इंग्रजी सूचना हिच्याबद्दलच होती.

"म्या नेली हुती," ते म्हणाले. "दिवाळीला. तुमी च्या प्यायला गेला हुता तवा. झाकण बी मागनं म्याच बसवलं."

त्यांनी पट्टी इंद्रजितच्या हातात दिली.

"इंद्रा म्हनला हुता, हिच्यामुळं जोडी जुपती. म्हनलं, जू आपल्या घरी असलं का जोडी परस्पर कुनी न्हेत न्हाई. दुसऱ्या दिशी फोन करून इचारलं बी, मशिन चालतंय का. त्यो म्हनला चालतंय. मग मला वाटलं हिचं काय काम न्हाई, निस्ती मालकीची खूण हाय." ते फरहानकडे वळले. "फरहान, पोरा, म्या तुझ्यावर इस्वास ठिवला न्हाई. चुकलं माझं."

उस्मानभाई फाटका कागद हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, "गेनूभाऊ, पट्टी तुमी नेली, पण झाकणावर सह्यांचा कागद लावा म्हणणारा मीच. तो नसता तर पोरांनी दुसऱ्याच दिवशी उघडून बघितलं असतं. मी तरी कुठं इस्वास ठेवला?"

इंद्रजितने शर्टाच्या टोकाने पट्टी पुसली. मशिन बंद करून फरहानने ती बसवली.

जाग आली तेव्हा आधी तंबाखूचा वास आला. मग त्याचा आवाज. फ विचारत होता, "तू आहेस? मला वाटलं तुला काढून नेलं. मी किती हाका मारल्या."

मी इतके दिवस त्याला काय काय म्हटलं होतं! मी फक्त म्हणालो, "आहे. पुढचं तू घे."

त्यानंतर दोन वर्षं दुकान चांगलं चाललं. मग घरोघरी कॉम्प्युटर आले, गेम मोबाईलवर आले, आम्ही दोघेही जुने झालो. दुकान बंद करताना भांडण झालं नाही. ज्याचं कार्ड त्याने नेलं. राहिली पट्टी. ती कुणीच घेईना, दोघेही एकमेकांच्या हातात कोंबत होते. शेवटी गेनूतात्यांनी ती फरहानच्या खिशात घातली. "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. माझ्या खिशात लई दिस राह्यली."

आता मी मार्गासनीला तात्यांच्या घरातल्या फळीवर आहे. जाता-येता ते कधीकधी माझ्या पाठीवर हात ठेवतात, क्षणभर थांबतात आणि गोठ्याकडे जातात. मी गारच असतो.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असा माझा जन्म गेला. तात्यांना चारचौघांत "चुकलं" म्हणता आलं. मला त्या एकट्यापाशी, पट्टी जोडलेली असताना, दोन वर्षांत जमलं नाही. आता पट्टी भोरला आणि मी इथे.

तुम्ही खरंच भंगारवाले नसाल, तर एक काम करा. भोरला गेलात की एसटी स्टँडजवळ फरहानचं घर विचारा. लाल नेलपॉलिशचा फ ज्याच्या पाठीवर आहे, त्याच्यावर हात ठेवा. गरम असो की गार, त्याला एवढंच सांगा की खालच्याने निरोप दिलाय. चुकलं म्हणतोय.