ऐकणारा

मोठ्या बाईने धाकट्या लेकीची बॅग कापड बेतायच्या टेबलावर उपडी केली. चार जोड कपडे, एक टॉवेल, एक वही. पोरगी कायमची घर सोडून निघालेली, आणि सामान बघावं तर दोन दिवस मैत्रिणीकडे चालल्यासारखं. तिच्या कारखान्यातल्या शिवणाच्या सहाही मशिनी एकदम थांबल्या.

“चालू ठेवा. इथे तमाशा नाही,” ती म्हणाली, आणि लेकीचा हात धरून तडक बाबांकडे निघाली.

बाबा म्हणजे दवाखान्यामागच्या इमारतीत दोन खोल्यांत राहणारे एक म्हातारे गृहस्थ. आल्यागेल्याला बसवून घ्यायचे, एवढाच त्यांचा उद्योग. त्यांच्याकडे राहून सेवा करणारी चारपाच माणसं होती. धाकटीला आता त्यांच्यात जायचं होतं. वरचा जो कोणी आहे तो शिक्षा करत नाही, काही देत नाही, नुसता ऐकतो, असं ती वर्षभर म्हणत होती.

मोठ्या बाईला हे पटणं शक्यच नव्हतं. आठ भावंडांत जो ओरडेल त्याच्याच ताटात पडेल, अशा घरात ती वाढलेली. देवालाही ती प्रत्येक गोष्ट तीनदा ठणकावून सांगे. नाही ऐकलं तर आठवडाभर त्याच्याशी अबोला.

जिना चढताना तिने विचारलं, घरात कमी काय आहे तुला? धाकटीने तोंड उघडेपर्यंत उत्तरही तिनेच देऊन टाकलं.

बाबा खिडकीपाशी बसले होते. मोठ्या बाईने बसायच्या आधीच सुरुवात केली. पोरीला नादी लावल्यापासून म्हातारपणी लाज कशी वाटत नाही इथपर्यंत सगळं झालं. म्हाताऱ्याची मान जराशी कलती, नजर तिच्या चेहऱ्यावर. ती थांबली तरी ते बघतच राहिले, काही राहिलं असेल तर राहू नये अशा बेताने. बोलायचं सगळं संपलं, असं तिचं जन्मात पहिल्यांदाच झालं.

तेवढ्यात आतल्या खोलीत पातेल्यांची उतरंड धाडकन कोसळली. मायलेकी दोघी दचकल्या. बाबांची पापणीही हलली नाही.

मोठी बाई लेकीला घेऊन जिन्यात आली.

“अगं, हा माणूस ठार बहिरा आहे.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग तिथे जाऊन करतेस काय?”

“बोलते,” धाकटी म्हणाली. “माझं संपेपर्यंत ते माझ्याकडे बघतात.”

यावर द्यायला मोठ्या बाईकडे रग्गड होतं. अर्धं जिभेवर आलंही होतं. ती पायरीवर बसली. गुडघे कुरकुरले. मान वर करून ती लेकीकडे बघत राहिली.

“मी कॉलेज सोडलं ना, तेव्हा...” धाकटी म्हणाली आणि सवयीने थांबली.

टोमणा आला नाही. पुढचं सांगायला मग तिला बराच वेळ लागला. आईसमोर इथवर ती कधी पोचलीच नव्हती.