नव्या तांदळाचा बोरा

मी एक बोरा बोलतोय. तागाचा, चाळीस किलो तांदूळ मावेल एवढा. आधीच माफी मागतो. माझ्या वतीनं हे कागदावर उतरवतोय तो दिनेश. आठवीत शाळा सुटली त्याची. त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, मोठे शब्द सापडणार नाहीत. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण जे घडलं ते सगळं सांगायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय, कारण एकदा आम्ही दोघंही गप्प बसलो होतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की गठ्ठ्यात आवळलेला मी कुरखेड्याच्या धान खरेदी केंद्रावर उतरलो. तिथं आम्हाला कोणी बोरा म्हणत नाही, बारदाना म्हणतात. दोन हंगाम मी धान वाहिलं. मग एका हमालाच्या आकड्यानं माझी कूस फाटली आणि मी बाद झालो. बाद झालेला बारदाना बुधरीबाईनं घरी नेला. ही दिनेशची आई. तिनं जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाचं ठिगळ लावून मला शिवलं. मग उन्हाळ्यात माझ्यात मोहफूल भरलं. तो वास माझ्यातून आजही गेलेला नाही.

बुधरीबाईचं माहेर दूर, हेमलकशाच्या पलीकडं, नदीकाठच्या जंगलात. तिकडून लग्न करून ती इकडं धानाच्या गावात आली. शेजाऱ्यांसारखी मराठी शिकली, पण माहेरच्या काही गोष्टी तिनं सोडल्या नाहीत. त्यातली एक नव्याची. तिच्या माहेरी शेतातलं नवं पीक घरात आलं तरी लगेच खात नाहीत. आधी पंडुम, म्हणजे सण. सगळं गाव जमतं, गायता म्हणजे गावचा पुजारी देवाला नवं चढवतो, आणि मग सगळे मिळून खातात. त्याआधी नव्याचा एक दाणाही जिभेवर ठेवायचा नाही. दिनेश हे लहानपणापासून ऐकत आला होता. हे लक्षात ठेवा. माझा सगळा अपराध इथूनच सुरू होतो.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आधी तिकडं पाऊस असा झाला की नदी गावांत शिरली. बुधरीबाईच्या माहेरच्या शेजारचं एक गाव तर अर्धं वाहून गेलं. माणसं टेकडीवर चढून वाचली, पण घरातलं धान्य चिखलात गेलं. आठ दिवस रस्ता बंद होता. ही बातमी आली तेव्हा बुधरीबाई घरी नव्हती. मुलीच्या, दीपिकाच्या बाळंतपणासाठी ती जिवतीला गेली होती. ती घरी असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

आमच्या गावात सोमाजीभाऊ म्हणून आहेत. गावात लग्न असो की मयत, पुढं तेच. त्यांनी समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं.

"त्याइच्या घरी चूल नाई पेटून राह्यली," ते म्हणाले. "आपल्या घरी पेटते. आनखी काई सांगाव लागते का?"

काही सांगावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी सामान येऊ लागलं. तांदूळ, तुरीची डाळ, मीठ, हळद, माचिस, चादरी. माणसांची एक गंमत मी तेव्हा पाहिली. द्यायची वेळ आली की कोणी पेटीतली सगळ्यात चांगली वस्तू काढतो, आणि कोणी पेटी रिकामी करायची संधी साधतो. लटारूनं स्वतःच्या लग्नातला कोट आणून दिला. बचत गटाच्या रंभाबाईनं तो दोन बोटांनी उचलला.

"काऊन गा लटारू, हा कोट घालून ते मासोळ्या पकडतीन का?"

"पकडू दे ना, बाई. मासोळीबी इज्जत देईन!"

सगळे हसले. दिनेशही हसला, पण मान खाली घालून. तो तसाच आहे. चोवीस वर्षांचा झाला तरी चार माणसांत त्याचा आवाज निघत नाही. काम सांगा, करील. बोलायला सांगू नका.

त्याला काम मिळालं तांदळाचं. आमच्याकडची रीत अशी की मदतीचा तांदूळ ज्याचा त्याच्या पिशवीत ठेवायचा नाही. सगळ्यांचा एका ताडपत्रीवर ओतायचा, फावड्यानं एकत्र करायचा, मगच भरायचा. म्हणजे कोणाचा जाड, कोणाचा बारीक, कोणी कमी दिला, कोणी जास्त, हे कळत नाही. चांगली रीत आहे. त्या दिवशी तीच नडली.

घराघरातून मागच्या वर्षीचा जुना तांदूळ आला. ढीग गुडघ्याएवढा झाला. तेवढ्यात हेमराजभाऊ बैलगाडीवर एक बोरा घेऊन आले. मोठ्या मनाचा माणूस. त्यांचं हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान सगळ्यांच्या आधी निघालं होतं. घाईनं वाळवून, गिरणीवर नेऊन त्यांनी तांदूळ करून आणला होता. ओंजळ भरून ते सगळ्यांना वास देत होते.

"जुना काऊन देऊ? घरात पडला आहे म्हनून? पयला घास देवाले दिला, दुसरा पूरवाल्याइले. ताजा आहे, नवा!"

"वा हेमराज!" सोमाजीभाऊ म्हणाले. "याले म्हन्तेत देनं."

दिनेश फावडं धरून उभा होता. मी त्याच्या पायाशी रिकामा पडलो होतो. त्याला आठवलं, हे मला कळलं, कारण फावड्यावरचे त्याचे हात थांबले. हा तांदूळ ढिगात पडला तर सगळाच तांदूळ नवा होईल. तिकडं अजून पंडुम झालेला नसेल. तो एक पाऊल पुढं आला.

"भाऊ..."

"काय रे?" सोमाजीभाऊ वळले. त्यांच्याबरोबर बाकीचेही वळले. वीस-पंचवीस तोंडं.

"काई नाई," दिनेश म्हणाला.

हेमराजभाऊंनी बोरा उपडा केला. पांढरा शुभ्र तांदूळ जुन्यावर पडला, आणि दिनेशनं फावड्यानं तो नीट, एकसारखा कालवला. मग सात बोरे भरले. दाभण आणि सुतळी घेऊन त्यानं एकेकाचं तोंड शिवलं. सगळ्यात शेवटी माझं. माझं तोंड तर त्यानं शिवलं. त्याचं कोणी शिवलं होतं?

पहाटे पिकअप निघाली. गुलाब नावाचा ड्रायव्हर, सोमाजीभाऊ, आणि मागं आमच्यावर बसलेला दिनेश. दिवसभर जंगल आणि खड्डे. दुपार कलताना डांबरी रस्त्याकडेच्या एका वस्तीपाशी गाडी थांबली. पुढं दीड कोस पायवाट आणि मध्ये नाला, त्यात मांडीएवढं पाणी. गावातले आठ-दहा जण वाट पाहत उभे होते. त्यांनी आम्हाला खांद्यांवर घेतलं. मला उचलणारा माणूस माझ्यापेक्षा हलका वाटला.

आम्ही गावात पोचलो. भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. काही घरांच्या जागी फक्त चुली उरल्या होत्या. गावचा गायता सुकलूदादा पुढं आला. त्यानं दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि बसायला खाट मागवली. खाट एकच वाचली होती, ती पाहुण्यांना दिली.

समोरच्या घरात रंजीता नावाची बाई होती. मांडीवर वीस दिवसांचं बाळ. पाच दिवस ती जंगलातले कंद उकडून खात होती. आम्हाला येताना पाहिलं आणि तिनं लगेच चूल पेटवून आंधण ठेवलं.

सुकलूदादानं माझ्या कडेची सुतळी सैल केली. चिमूटभर तांदूळ तळहातावर घेतला. वास घेतला. एक दाणा नखानं मोडून पाहिला. मग गोंडीत मागच्या माणसांना काहीतरी म्हणाला, आणि तांदूळ परत माझ्यात टाकला. एकही दाणा खाली पडू न देता.

"काय म्हन्ते हा?" सोमाजीभाऊंनी विचारलं.

दिनेशला गोंडी कळते. त्याला सांगावंच लागलं. "नवा आहे म्हन्ते. पंडुम नाई झाला त्याइचा. नाई खाऊ शकत."

"अरे बाप्पा! भुकेल्या मानसाले काय नवा न् काय जुना?"

सुकलूदादाला मराठी येत होती. तो रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"भाऊ, तुमी लय दुरून आनलं," तो म्हणाला. "आमी ठेवतो. अर्धं गाव आजून टेकडीवर आहे. ते आल्याबिगर पंडुम कसा करू? देवाची जागाबी चिखलात आहे. दहा-बारा दिवसात होते. मंग खाऊ, तुमचं नाव घेऊ."

"दहा-बारा दिवस? आन् तवरिक?"

"जंगल आहे ना."

 समोर रंजीताचं आंधण उकळत होतं. तिला गोष्ट कळली होती, पण तिनं लगेच चूल विझवली नाही. ती बसून राहिली. पाणी उकळून उकळून आटलं, तेव्हा तिनं लाकडं मागं ओढली आणि बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

माझ्या पोटात चाळीस किलो तांदूळ होता. जन्मभर मी पोट भरायचंच काम केलं. त्या दिवशी मी भरलेला होतो आणि माझ्यासमोर बाळंतीण उपाशी होती. एवढी लाज मला बाद झालो तेव्हाही वाटली नव्हती.

"भाऊ," दिनेश म्हणाला. आवाज इतका बारीक की सोमाजीभाऊंना वाकावं लागलं. "मले माहीत होतं."

"काय?"

"आईनं सांगतलं होतं. हेमराजभाऊ तांदूळ वतत होते तवाच मले माहीत होतं."

सोमाजीभाऊंचा चेहरा लाल झाला. "मंग तोंडात काय धरलं होतं बे? काऊन नाई बोल्ला?"

"सारे पाहून राह्यले होते माह्याकडं."

"पाहत होते! आन् आता हे पाहून राह्यले नाई का?"

दिनेशनं मान वर केली. रंजीता त्याच्याचकडं पाहत होती. तिला मराठीतलं किती कळलं, ठाऊक नाही.

पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी माझी आजची अवस्था.

आज मी परत बुधरीबाईच्या घरी आहे. घडी घालून ओसरीत पडलोय, आणि दिनेश माझ्यावरच बसून हे लिहितोय. तो जिवतीहून आलेल्या आईजवळ सगळं बोलला तेव्हा तिनं त्याला मारलं नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "तुले कोनतं मोठं भाषन द्याचं होतं रे? 'नवा आहे.' दोनच शब्द." 

हेमराजभाऊंना अजून वाईट वाटतं. त्यांचा काहीच दोष नाही. त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी घरातलं सगळ्यात चांगलं दिलं. ज्याला ठाऊक होतं त्यानं फावडं मारलं. गावातले लोक आता दिनेशला म्हणतात, जाऊ दे, शेवटी जमलं ना. जमलं, पण एका बाळंतिणीची एक संध्याकाळ गेली ती गेलीच. ती मी परत देऊ शकत नाही, तोही नाही.

माझी मागणी लहान आहे. कोणाला काही पाठवाल तेव्हा बोऱ्याचं तोंड शिवण्याआधी विचारा, तिकडं काय चालतं, काय चालत नाही. आणि तुमच्यात एखादा मुखदुर्बळ माणूस "भाऊ" म्हणून थांबला, तर "काय रे" म्हणून सगळ्यांनी एकदम वळू नका. एकानंच जा त्याच्याजवळ. हे दिनेश लिहायला तयार नव्हता. त्यानं स्वतःची सुटका होईल म्हणून दोनदा खोडलं. मी म्हणालो, दोष तुझाच राहू दे, पण हे लिही.

आता त्या दुसऱ्या सकाळचं.

उजाडल्याबरोबर दिनेशनं सुकलूदादाची सायकल मागितली. सहा बोरे बदलून आणतो, म्हणाला. सातवा सुकलूदादानं ठेवून घेतला. "हा पंडुमाले लागन." पहिला बोरा मी होतो. त्यानं मला सायकलच्या कॅरिअरवर बांधलं, नाल्यात सायकल आणि मी दोघांना ढकलत नेलं आणि रस्त्याच्या वस्तीवर आला. तिथं दुकानदार होते, मास्तर होते, बाहेरून आलेले नोकरदार होते. त्यांना नव्याची बंदी नव्हती. पण जुना तांदूळ फुगतो, मोकळा होतो. नव्याचा चिकट गिचका होतो. जुना देऊन नवा कोण घेईल? दारोदार मागावं लागणार होतं.

सोमाजीभाऊ आधीच येऊन पिकअपमध्ये बसले होते. ते खाली उतरले नाहीत. "गाडी माही, तोंड तुह्यं," एवढंच म्हणाले.

पहिलं घर रीताबाईचं, किराणा दुकानवाल्या. दार अर्धं उघडलं तोच दिनेश बोलू लागला. इतक्या जोरात की शेजारचं कुत्रं भुंकलं.

"बाई, ह्या तांदळात नवा मिसळला आहे. नाल्यापलीकडच्या गावाले तो चालत नाई. मले माहीत असून मी मिसळला. तुमी हा घेऊन जुना देता का?"

रीताबाईनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्या ठिगळाकडं पाहिलं. "मिसळला कोनी म्हन्ला?"

"मी."

ती आत गेली, आणि कोपऱ्यातला डबा ओढल्याचा आवाज आला. एका घरात मी भरलो नाही. पाच घरं लागली. पाचही दारांत त्यानं तेच सांगितलं, एक शब्द कमी न करता. पाचव्या दारात त्याचा आवाज बसला होता.

बाकीच्या पाच बोऱ्यांच्या खेपा मागाहून झाल्या; आधी मला घेऊन तो परत गावात गेला. सरळ रंजीताच्या दारात मला उतरवलं. ती बाळ घेऊन बाहेर आली, माझ्याकडं पाहिलं आणि गोंडीत विचारलं, "नवा?"

"नाई. जुना," दिनेश म्हणाला. सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्यानं.

मग तो खाली बसला आणि माझी सुतळी त्यानं स्वतःच्या हातानं सोडली.