पाठीवरच्या फुल्या

फरशी नीट बसली नसेल तर डोळ्यांना कळत नाही. ठोकून ऐकावं लागतं. खाली हवा राहिली असेल तर टाइल पोकळ वाजते, आणि पोकळ टाइल आज ना उद्या फुटतेच.

पुढच्या खिडकीतून बाहेर सोडलेला धूर स्वयंपाकघराच्या खिडकीतून परत येतो. दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच त्याला लागतो.

लिफ्टमध्ये अडकलेली माणसं मला ‘दादा’ म्हणतात.

सुताराची चपटी पेन्सिल कातडीवर उमटत नाही. आधी टोक ओलं करावं लागतं.

आता नीट सांगते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. फरश्या बसवतो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही दोघंच. तो दिवसाला तीस सिगारेटी ओढतो आणि खोकत नाही. मी एकही ओढत नाही आणि खोकते. “वाटून घेतलंय आपण,” तो म्हणतो. “मी ओढतो, तू खोक.”

मी लिफ्ट कंपनीत तक्रारींचे फोन घेते. कोणी अडकलं की मेकॅनिक पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. घाबरू नका. सावकाश श्वास घ्या. कफाने माझा आवाज इतका जाड झालाय की पलीकडचा म्हणतो, “हो दादा, घेतो.”

वाफारा झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या, डोक्याखाली तीन उशा झाल्या. कफ जागचा हलेना. सकाळी बेसिनपाशी अर्धा तास खाकरावं तेव्हा कुठे एक बेडका, तोही करडा. दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं, पोटाखाली उशा घेऊन पालथी पड, आणि घरच्या कोणाकडून पाठ थोपटून घे, तळहाताची वाटी करून. कफ सुटतो. “घरात कोणी ओढतं का?”

“खिडकीत ओढतो,” मी म्हणाले.

ती हसली नाही.

दादाला मात्र हुरूप आला. “ठोकायचंच ना? अगं, जन्म गेला माझा त्यात.”

*सतरा*

पाच-सहा थापांनंतर त्याचा हात थांबला. मी पालथी होते, मला फक्त उशीचा अभ्रा दिसत होता. त्याने पुन्हा थापलं, जरा बाजूला. मग बोटाच्या पेराने टकटक केलं.

“चिमणे, तू पोकळ वाजतेस.”

“मग?”

“मग काय! काम कच्चं आहे.”

त्याने कानावरची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं, आणि जिथे जिथे पोकळ वाजलं तिथे फुली मारली. सतरा भरल्या. उरलेल्या जागा बद्द वाजत होत्या, म्हणजे त्याच्या हिशेबी पक्क्या.

*अकरा*

फुल्या खालून वर कमी होत गेल्या. आधी कमरेपासची ओळ गेली. मग तिच्या वरची. तो रोज जुन्या फुल्या ओल्या फडक्याने पुसायचा आणि नव्या मारायचा. आरशात पाठ करून मी बघायची. भिंतीवर पाणी चढत जातं आणि वरची कोरडी जागा कमी कमी होते, तसं दिसायचं.

“जड वाटतं रे.”

“वाटणारच. माल भरलाय.”

तो इतका खूश होता की मीही खूश झाले. घरात बऱ्याच दिवसांनी काहीतरी सुधारत होतं. थोपटून झालं की तो खिडकीत जाऊन एक पेटवायचा, कष्टाची.

*सहा*

भर दुपारी एका माणसाचा फोन आला. दोन मजल्यांच्या मधे अडकलेला. मी नेहमीचं बोलले. तो मधेच म्हणाला, “दादा, तुमच्या मागे कोण बोलतंय?”

मागे वळून पाहिलं. भिंत.

“कोणी नाही.”

“आहे की. हळू बोलतंय. पाण्याखालून बोलल्यासारखं.”

मी श्वास धरला.

“हां,” तो म्हणाला. “आता थांबलं.”

*एक*

डाव्या खांद्याच्या पात्याशी शेवटची एकच उरली. “उद्या संपलं,” दादा म्हणाला. “उद्या पार्टी.”

तोवर मला एक वाक्य दोन श्वासांत बोलावं लागत होतं. “आता तू झोप. मला... थोपटू दे.”

“मला काय धाड भरलीय?”

पण झोपला. मी हाताची वाटी केली आणि थापलं.

पोकळ. वर, खाली, डावीकडे, सगळीकडे पोकळ. सामान येण्याआधीच्या रिकाम्या घरात टाळी वाजवावी तसं. पुढच्या थापेसाठी मी हात उचलला, आणि तो खाली यायच्या आत एक थाप वाजली. आतून.

“तू वाजवलंस?” आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

मी फुल्या मारत राहिले. पेन्सिलचं टोक झिजून सपाट झालं. दादा उठून बसला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या फरश्यांना दोष देणारा माणूस, त्याचा चेहरा पार उतरला होता.

“सगळी उपटावी लागेल,” तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दवाखान्यात गेलो. त्याच्यासाठी. जिन्यात मी दर मजल्याला थांबले. त्याला वाटलं, त्याला धीर द्यायला.

सिस्टरने त्याच्या पाठीवर बोटावर बोट ठोकलं. “धुराने फुप्फुस फुगलंय. छातीचा फोटो काढायला लागेल.” तिने चाकाची खुर्ची मागवली, तो बसलाही. मग ती माझ्याकडे वळली. “आणि ही का अशी घुरघुरतेय?”

तिने माझा सदरा वर केला. “ही फुली कसली?”

“तेवढीच राहिलीय,” दादा म्हणाला. एवढ्या भीतीतही त्याच्या आवाजात अभिमान होता. “बाकी सगळं भरलं. माझ्या हाताने बघतोय रोज.”

तिचं बोट माझ्या पाठीवर ठोकत खालून वर आलं. बद्द. बद्द. बद्द. फुलीवर आलं आणि टण्णकन वाजलं. तिने बोट तिथून काढलं नाही.

“उलटं आहे हो,” ती म्हणाली. “पोकळ वाजतं तिथे हवा असते. हिच्यात एवढीच उरलीय.”

दादा खुर्चीतून उठला. मला दोन्ही खांद्यांना धरून त्याने तिच्यात बसवलं. लांबलचक कॉरिडॉर होता. तो ढकलत होता आणि धावत होता, आणि पहिल्यांदाच मी त्याला खोकताना ऐकलं. दाराशी थांबावं लागलं तेव्हा तो वाकला आणि त्याने माझ्या पाठीला कान लावला.

“काय वाजतंय?” मी विचारलं.

“मी रोज खूश होत होतो गं,” तो म्हणाला.

दार उघडलं.

दादाने पहिली सिगारेट ओढली ती माझ्या जन्माच्या दिवशी, इस्पितळाच्या मागच्या जिन्यात, माझी वाट बघताना. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.