बाई म्हणाल्या, जरा बघा

आपलं चुकतंय कुठं, हे मौलालीला काही केल्या कळेना. राजारामपुरीच्या नवव्या गल्लीत त्याचं गादीचं दुकान. माणूस कामाला वाघ, दिल्या शब्दाला पक्का. शाळेतल्या संघप्रिया बाईंनी जे सांगितलं ते त्यानं इमानानं केलं होतं, त्यात हयगय म्हणून केली नव्हती. तरी पोरगी दिवसेंदिवस मुकीच होत चालली होती.

पोरगी म्हणजे इरम, पाचवीतली. ती कुरुंदवाडला नानीकडं वाढली. नानी गेली आणि उन्हाळ्यात तिला कोल्हापूरला आईबापाकडं आणलं. शाळा सुरू होऊन महिनाभर झाला असेल, बाई उशा भरून घ्यायला दुकानात आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मौलालीभाई, इरम वर्गात फार गप्प असते. घरी जरा बघा तिच्याकडं."

आता कोल्हापुरात 'बघतो तुझ्याकडं' असं कुणी म्हटलं, तर ऐकणारा काही केस विंचरून फोटोला बसत नाही. तो चपला हातात घेऊन पळत सुटतो. शिवाय त्याच वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, शाळेनं छड्या बंद केल्या होत्या. मौलालीनं दोन्हीची सांगड घातली. बाईंचे हात बांधलेत, म्हणून हे काम आता आपल्याकडं आलंय. गादीत कापूस भरला की ती काठीनं झोडपावी लागते, तेव्हा कुठं गाठी मोडतात आणि कापूस सारखा बसतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो हेच करत आला होता. त्या संध्याकाळी त्यानं इरमकडं बघितलं. तळहातावर, बेतानं.

पुढं बाई रस्त्यात भेटल्या. "अजूनच गप्प झालीय हो ती. बघताय ना?"

"बघतोय की," मौलाली म्हणाला आणि मनातून ओशाळला. बाईंना दुसऱ्यांदा सांगावं लागलं म्हणजे आपणच कमी पडलो. मग मारताना बेत राहिला नाही. त्याची बायको चाँदबी मध्ये पडली, तर तिला म्हणाला, "बाईंनी सांगितलंय. तू काय त्यांच्यापरास जास्त शिकलीस व्हय?" चाँदबी स्टोव्हकडं वळली. शिकलेल्या माणसापुढं गरीब घरात कुणाचं चालतं?

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंचा निरोप आला, शाळेत येऊन जा. मौलाली अंगावरचा कापूस झटकून गेला.

"इरम चार दिवस शाळेत नाही," बाई म्हणाल्या.

"आं? दप्तर घिऊन जाती की रोज. डबा बी नेती."

"इथं येत नाही. मी तुम्हाला म्हणाले होते ना, घरी बघा म्हणून?"

"बघितलं की बाई. म्या काय कमी केलं न्हाय." आणि खात्री पटावी म्हणून त्यानं काठी धरल्यासारखा हात हवेत फिरवून दाखवला.

बाईंनी उघडं हजेरीपुस्तक मिटलं. त्या मूळच्या इथल्याच, हातकणंगल्याच्या. 'बघतो' म्हटल्यावर घरोघरी काय व्हायचं, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण शिकून बाई झाल्या आणि जीभ पुस्तकी झाली.

"मी… तिच्याकडं लक्ष द्या म्हणत होते हो. तिची नानी गेलीय, शाळा नवी, गाव नवं."

"मग तसं म्हणायचं की," मौलाली म्हणाला. तो भांडत नव्हता. बिचारा खरोखरच गोंधळला होता.

"चुकलं माझं. यापुढं तुम्हाला सगळं सरळ सांगेन, असं अर्धवट नाही. मधल्या सुट्टीत मी रोज तिच्याजवळ बसेन. पण घरातली काठी तुम्ही बंद करा."

"करतो बंद. पर मग करायचं काय?"

"जवळ बसायचं. विचारायचं. ती सांगेल ते ऐकायचं."

"आन् न्हाय सांगितलं तर?"

"तरी बसायचं."

परतताना त्याचं डोकं नुसतं भणभणत होतं. मारायला मिनिट लागतं. नुसतं बसायला किती लागतं, ते विचारायचं राहूनच गेलं. बापानं आपल्याला बडवलं नसतं तर आपण हा धंदा शिकलो असतो का? मग बाप चुकला म्हणायचा? बापाला चूक म्हणवेना आणि बाईंना खोटं म्हणवेना. आणि चार दिवस पोरगी होती कुठं?

शाळा सुटायच्या वेळेला इरम रोजच्यासारखी दप्तर घेऊन दारात आली. स्टोव्हला पंप मारता मारता चाँदबीचा हात थांबला.

"इकडं ये," मौलाली म्हणाला. "बाईंनी सांगितलंय, तुझ्याकडं बघा…"

बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं, पण शब्द तोंडातून गेला होता. इरमनं दप्तर खाली ठेवलं, भिंतीकडं तोंड केलं आणि तळवा उघडून हात त्याच्यापुढं धरला.

"अब्बा, आज किती बघनार?"

मौलालीनं तो हात धरला आणि तसाच खाली बसला, तिलाही शेजारी बसवलं. आता विचारायचं होतं. काय विचारायचं ते सुचेना.

"डबा खाल्लास?"

"व्हय."

विषय संपला. तो बसून राहिला. पायाला मुंग्या आल्या, तरी उठला नाही. शेवटी म्हणाला, "चार दिस कुठं हुतीस गं?"

"आपल्या दुकानामागं. जुन्या गाद्यांची थप्पी हाय न्हवं, तिथं बसलोतो."

त्याला काहीच उमजेना. ज्याचं भ्या, त्याच्याच पाठीमागं जाऊन कुणी लपतं का? "तिथं का?"

"तिथं तुमची काठी ऐकू येती." ती अजून भिंतीकडंच बघत होती. "ती गादीवर वाजत असली की बरं वाटतं. तवर माझ्यावर येत न्हाय."

मौलालीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याला रडूच फुटलं. बायकोदेखत, पोरीदेखत, त्यानं ते लपवलंही नाही. इरमनं दचकून मान वळवली. कितीतरी वेळ ती बापाच्या तोंडाकडं टक लावून राहिली. मग आपला हात सोडवून घेऊन तिनं त्याचा हात उताणा केला आणि तळव्यावर वळ शोधू लागली.

"अब्बा," तिनं हळूच विचारलं, "तुमच्याकडं कुनी बघितलं?"